पाकपरीक्षेचे चित्रीकरण : डी.एस.एल.आर. कॅमेरा व अल्पखर्ची साधने

स्नेहसिद्धीची लक्षणे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेली आहेत. कल्काची अंगुलींमध्ये वर्ती व्हावी, ती अग्नीवर टाकली असता शब्द होऊ नये, तैलात फेनाची उत्पत्ती व्हावी, घृतात फेनाची शांती व्हावी आणि द्रव्यांचे गंध, वर्ण व रस स्नेहात प्रकट व्हावेत. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. परंतु प्रत्यक्ष कढईपुढे उभे राहिल्यावर मृदुपाक कोणता, मध्यमपाक कोणता आणि खरपाकाचा आरंभ नेमका कोणत्या क्षणी झाला, हे सांगताना पदवीधर वैद्यही बहुधा जुन्या कारागिराच्या मुखाकडे पाहतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सन २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात ग्रंथोक्त योगांची मोठी नोंद झाली, आणि परदेशी पेटंटांच्या संदर्भात तिचा उपयोगही झाला. तथापि ग्रंथात जे लिहिले आहे तेच तेथे नोंदले जाऊ शकते. हाताचे व कानाचे ज्ञान ज्याच्या त्याच्या बरोबर निघून जाते.

हे ज्ञान चित्रफितीवर कसे राखता येईल, त्यास कोणती साधने पुरतात आणि कोणत्या चुका टाळाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक मी स्वतः केलेली असल्याने आरंभ तेथूनच करतो.

एक वाया गेलेली चित्रफीत

सन २०१२ च्या हिवाळ्यात, मी ज्या औषधिनिर्माणशाळेत सल्लागार म्हणून जात असे, तेथील ज्येष्ठ कारागिरांच्या तैलपाकाचे चित्रीकरण करावे असे ठरले. सर्वजण त्यांना काका म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी कढईपुढे काढली होती. एका परिचिताचा उत्तम डी.एस.एल.आर. कॅमेरा आणला, सर्व योजना ‘ऑटो’वर ठेवल्या आणि पहाटेपासून दुपारपर्यंत चित्रीकरण केले. शेवटच्या टप्प्यात काका कलथा कढईच्या तळावरून फिरवीत म्हणाले, “डॉक्टर, आता बघू नका, ऐका. तळ बोलायचा थांबला की माझं काम झालं.” त्यांनी कलथ्यावरचा कल्क बोटांनी वळला, निखाऱ्यावर टाकला आणि अग्नी काढण्यास सांगितले.

संगणकावर ती चित्रफीत पाहिली तेव्हा लक्षात आले की हाती काहीच लागलेले नाही. तैलाचा वर्ण जसजसा गडद होत गेला तसतसा कॅमेरा आपणहून चित्र उजळ करीत गेला, आणि रंगाचा तोल आपणहून बदलत गेला. परिणामी सकाळचे तैल व दुपारचे सिद्ध तैल पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसत होते. ज्या क्षणी काका ‘ऐका’ म्हणाले त्या क्षणी केवळ भिंतीवरील पंख्याची घरघर ऐकू येत होती. पुन्हा करू, असे आम्ही म्हणत राहिलो. सन २०१४ मध्ये काका निवर्तले.

दोष यंत्राचा नव्हता. लग्नसमारंभाच्या चित्रीकरणात चेहरे सतत उजळ दिसावेत म्हणून जी स्वयंचलित योजना उपयोगी पडते, तीच पाकपरीक्षेत घातक ठरते. आपणांस जो बदल नोंदवायचा असतो, नेमका तोच बदल ती पुसून टाकते. म्हणून या कामाचे पहिले सूत्र असे की, कढईतील द्रव्य बदलू द्यावे, कॅमेऱ्यातील काहीही बदलू देऊ नये.

कॅमेऱ्याची निवड

सन २००८ मध्ये निकॉन डी-९० हा चित्रफीत घेणारा पहिला डी.एस.एल.आर. बाजारात आला आणि त्याच वर्षी कॅननच्या ५-डी मार्क-२ ने पूर्ण एच.डी. चित्रीकरणाची सोय आणली. त्यानंतरच्या दशकात हे कॅमेरे सर्वत्र पसरले. आता कंपन्यांचा कल आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळल्याने जुने डी.एस.एल.आर. वापरलेल्या स्थितीत अल्प किमतीत मिळतात, आणि आपल्या कामास ते पूर्ण पुरेसे आहेत.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, चित्रफितीसाठी शटर, छिद्र व आय.एस.ओ. हे तिन्ही हाताने ठरविता यावेत. दुसरी, बाहेरील मायक्रोफोन जोडण्याचे छिद्र असावे. कॅननच्या ६००-डी, ७००-डी व २००-डी या प्रतिकृतींत ते आहे, १३००-डी व १५००-डी यांत नाही. निकॉनच्या डी-५३०० मध्ये आहे, डी-३४०० व डी-३५०० यांत नाही. नवीन प्रतिकृती म्हणजे अधिक सोयीची असे समजून घेणाऱ्यांची येथे फसगत होते. तिसरी, मागचा पडदा बाजूस वळणारा असावा, म्हणजे वाफेवर न वाकता चित्र पाहता येते. वापरलेली लेन्स घेताना ती प्रकाशासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना, हे अवश्य पाहावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात हा दोष फार आढळतो. खरेदीनंतरही कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

आपल्या हातातील मोबाइल याच कामास का चालू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ज्या मोबाइलमध्ये प्रकाश, रंगाचा तोल व फोकस हे तिन्ही कुलूपबंद करता येतात, त्यावर आरंभ अवश्य करावा. मात्र अनेक मोबाइल चित्राच्या गडद भागास आपणहून उठाव देतात आणि ही क्रिया पूर्णपणे बंद करता येतेच असे नाही. शिवाय उष्णतेपासून दूर राहून समीपचे चित्र घेण्यास योग्य लेन्स लावता येणे, हा डी.एस.एल.आर.चा मोठा लाभ आहे.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मि.मी. लेन्स बहुतेक कामांस पुरते. दुसरी लेन्स घ्यावयाचीच असल्यास ५० मि.मी. एफ १.८ ही स्वस्त व स्वच्छ आहे. परंतु एफ १.८ वर पार्श्वभूमी धूसर करण्याचा मोह टाळावा. आपणांस कढईची अलीकडची व पलीकडची अशा दोन्ही कडा स्पष्ट दिसावयास हव्यात, म्हणून एफ ५.६ ते एफ ८ हे छिद्र योग्य.

स्वयंचलनाचा त्याग

कॅमेऱ्याच्या सूचीत प्रथम ‘पाल’ पद्धती निवडावी आणि दर सेकंदास २५ चित्रे ही गती ठेवावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने दिव्यांचा प्रकाश सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास हे स्पंदन चित्रात उतरत नाही. अन्यथा पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. आय.एस.ओ. ४०० ते ८०० च्या दरम्यान स्थिर करावा.

रंगाचा तोल, म्हणजेच व्हाइट बॅलन्स, हा या कामाचा प्राण आहे. छायाचित्रकारांच्या दुकानात मिळणारे करडे कार्ड कढईजवळ, ज्या प्रकाशात काम होणार त्याच प्रकाशात धरून त्याचे एक छायाचित्र घ्यावे आणि ‘कस्टम’ योजनेत तेच प्रमाण म्हणून निश्चित करावे. साधा पांढरा कागद वापरू नये, कारण त्यास शुभ्र दिसण्यासाठी निळसर चमक आणणारी द्रव्ये लावलेली असतात. चित्राची शैली ‘न्यूट्रल’ ठेवावी, भडक शैलीत हरिद्रेचा व मंजिष्ठेचा वर्ण अतिरंजित होतो. करडे कार्ड प्रत्येक टप्प्याच्या आरंभी काही क्षण चित्रात दाखवावे. त्याच्या शेजारी मागील संमत घाणाचे तैल एका लहान काचपात्रात ठेवल्यास तुलना तेथल्या तेथे होते.

फोकसही हातानेच करावा. जुन्या डी.एस.एल.आर.मध्ये चित्रीकरण चालू असताना स्वयंचलित फोकस वाफेमुळे भरकटतो. पडद्यावरील चित्र दहापट मोठे करून कढईच्या मध्यावर फोकस साधावा आणि नंतर त्यास हात लावू नये.

आधार व प्रकाश

ट्रायपॉडवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये. हलका ट्रायपॉड कारागिराच्या पावलांनीही थरथरतो. त्याच्या मध्यास वजनाची पिशवी टांगल्यास स्थैर्य येते. कॅमेरा कढईच्या बरोबर वर नको, बाजूस व वाऱ्याच्या दिशेकडे असावा, म्हणजे वाफ व तैलाचे कण लेन्सवर बसत नाहीत. तरीही लेन्सवर साधा संरक्षक फिल्टर असणे इष्ट.

खिडकीतील प्रकाश सुंदर असतो, परंतु तो सकाळी एक व दुपारी दुसरा असतो. दीर्घकाळ चालणाऱ्या पाकात खिडक्यांवर जाड पडदे ओढावेत, वायुवीजनाचा अन्य मार्ग मोकळा ठेवावा आणि केवळ दोन एल.ई.डी. पॅनेलांवर काम करावे. पॅनेल घेताना त्याचा रंगनिष्ठेचा अंक, म्हणजे सी.आर.आय., ९५ किंवा अधिक असल्याची खात्री करावी. एक दिवा कढईच्या पलीकडून, तिरपा व खालच्या पातळीवर ठेवावा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात फेन सपाट दिसतो, तिरप्या प्रकाशात त्याचा प्रत्येक बुडबुडा उठून दिसतो. दुसऱ्या बाजूस थर्मोकोलचे पांढरे पत्रे उभे केले की छाया सौम्य होते, त्यास महाग परावर्तकाची आवश्यकता नाही.

तैलाच्या पृष्ठभागावर दिव्याचे प्रतिबिंब पडून वर्ण झाकला जातो. यावर पोलरायझर फिल्टर हा उपाय आहे. कॅमेऱ्याची दृष्टी तैलाच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन करील अशी ठेवून फिल्टर हळूहळू फिरवावा. एका विशिष्ट स्थितीत चमक नाहीशी होऊन तैलाचा अंतर्वर्ण दिसू लागतो. धातूच्या कढईच्या काठावरील चमक मात्र याने जात नाही, ती दिव्याची जागा बदलूनच टाळावी.

शब्दपरीक्षा व ध्वनिमुद्रण

माझ्या मते लेन्सपेक्षा आधी मायक्रोफोन घ्यावा. कल्काची वर्ती अग्नीवर टाकली असता होणारा चटचट शब्द म्हणजे त्यात उरलेल्या जलांशाची वाफ होय. जोवर जलांश आहे तोवर स्नेहाचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहते. तो संपला की तापमान झपाट्याने वाढते, आणि मध्यमपाकाचा खरपाक व खरपाकाचा दग्धपाक होण्यास वेळ लागत नाही. नस्यासाठी मृदुपाक व अभ्यंगासाठी खरपाक असा भेद आपण करतो, तो याच अल्प काळात ठरतो. म्हणजे निर्णायक लक्षण हे श्राव्य आहे, आणि कॅमेऱ्यातील अंगभूत मायक्रोफोन दूर असल्याने तेच टिपू शकत नाही.

कॉलरला लावावयाचा तारेचा मायक्रोफोन अल्प किमतीत मिळतो. बोया बी.वाय.-एम-१ या प्रचलित प्रकाराची तार सहा मीटर लांब असून तो कॅमेरा व मोबाइल दोहोंस चालतो. तो कारागिराच्या कॉलरला लावावा. दुसरा मायक्रोफोन वेगळ्या मोबाइलला जोडून निखाऱ्याच्या शेगडीजवळ, परंतु धगीपासून सुरक्षित अंतरावर बांधावा. आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा मोठ्याने टाळी वाजवावी, म्हणजे पुढे संगणकावर दोन्ही ध्वनी त्या टाळीवर जुळविता येतात. ध्वनीची पातळीही ‘ऑटो’वर ठेवू नये, कारण शांततेत ती आपोआप वाढते आणि ‘शब्द नाही’ हे लक्षणच हरवते. शब्दपरीक्षेच्या वेळी पंखे बंद करावेत, आणि दोन-तीन मिनिटे कोणीही बोलू नये.

स्पर्श व गंध यांस वाचा द्यावी

पंचेंद्रियांपैकी दोनच इंद्रियांचे विषय कॅमेरा ग्रहण करतो. स्पर्श, गंध व रस हे तिन्ही विषय कारागिराच्या मुखातूनच नोंदवावे लागतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्यास प्रश्न विचारावा आणि उत्तर त्याच्याच भाषेत येऊ द्यावे. ‘कल्क मेणासारखा लागतो की ओल्या मातीसारखा?’, ‘कच्चा वास गेला हे कशावरून ओळखले?’ असे प्रश्न उपयोगी पडतात. त्याच्या बोलीतील शब्द सुधारून शास्त्रीय करण्याचा प्रयत्न करू नये. शास्त्रीय परिभाषा नंतर निवेदनात जोडता येते. वर्ती वळताना बोटांचे समीपचित्र घ्यावे, आणि ती तुटते, चिकटते की वळते, हे तीन वेळा सावकाश दाखवावे.

काळाचे भान

जुन्या डी.एस.एल.आर.मध्ये पूर्ण एच.डी. चित्रफीत मिनिटास सुमारे ३३० एम.बी. जागा घेते, आणि एका फाइलची मर्यादा ४ जी.बी. असल्याने साधारण १२ मिनिटांनी चित्रीकरण थांबते. अनेक प्रतिकृतींत एका सलग चित्रणाची कमाल मर्यादा २९ मिनिटे ५९ सेकंद असते. निर्णायक क्षण नेमका या खंडात सापडू नये म्हणून फेनाचे स्वरूप बदलू लागताच चालू चित्रण बंद करून नवे सुरू करावे. दीर्घ क्वथनकाळात दर अर्ध्या तासास एक मिनिट घेणे पुरे. दुसरी बॅटरी भारित ठेवावी. कढईतील तापमापक व भिंतीवरील घड्याळ ही चित्रात दिसतील अशी योजना करावी, आणि आरंभी योगाचे नाव, घाण क्रमांक व कल्क, स्नेह, द्रव यांचे प्रमाण पाटीवर लिहून दाखवावे.

अन्य कल्पांविषयी

हीच पद्धती इतरत्रही लागू पडते. अवलेहात तंतुमत्त्व दाखविण्यासाठी मागे काळा कागद व बाजूस दिवा असावा. जलात टाकलेला अवलेह बुडतो व पसरत नाही, हे स्वच्छ काचपात्रातून समपातळीवरून घ्यावे. अंगुलीमुद्रा तिरप्या प्रकाशात उठून दिसते. भस्माच्या वारितर परीक्षेतही काचपात्र व काळी पार्श्वभूमी हवी. रेखापूर्णतेसाठी लेन्स व कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या एक्स्टेन्शन ट्यूबचा उपयोग होतो, त्यात काच नसल्याने ती स्वस्त असते. निश्चंद्रत्वाच्या परीक्षेत तर स्थिर छायाचित्रापेक्षा चित्रफीतच श्रेष्ठ. भस्म सूर्यप्रकाशात धरून पात्र हळूहळू फिरविले असता, एखादा जरी चमकणारा कण शिल्लक असेल तर तो क्षणभर लकाकतो, आणि हे केवळ गतिमान चित्रातच दिसते.

संमती, जतन व मर्यादा

चित्रीकरणापूर्वी कारागिराची संमती घ्यावी आणि त्याचे नाव चित्रफितीत आदराने नमूद करावे. चाळीस वर्षांच्या कसबाचा तो किमान सन्मान आहे. निर्माणशाळेच्या मालकांना आपले विशेष योग बाहेर जाण्याची भीती वाटते, ती अनाठायी नाही. अशा चित्रफिती केवळ अंतर्गत प्रशिक्षणापुरत्या ठेवता येतात. जाहीर प्रसारण करावयाचे असल्यास सन १९५४ चा औषधी व जादुई उपाय अधिनियम ध्यानात ठेवून रोगनिवारणाचे दावे कटाक्षाने वगळावेत. घाणाच्या लेखी नोंदीस चित्रफीत हा पर्याय नव्हे, ती पूरक आहे. प्रत्येक चित्रफितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक अन्य वास्तूत ठेवावी.

उपसंहार

गेल्या वर्षी त्याच निर्माणशाळेत काकांच्या हाताखाली घडलेल्या सहायकाचे आम्ही वरील रीतीने चित्रीकरण केले. वापरलेला कॅमेरा, ट्रायपॉड, दोन दिवे, दोन मायक्रोफोन, फिल्टर व करडे कार्ड मिळून खर्च तीस हजार रुपयांच्या आसपास झाला. या वेळी वर्णातील बदल स्पष्ट दिसतो, वर्तीचा चटचट शब्द आणि त्यानंतरचे मौन स्वच्छ ऐकू येते. नव्याने लागलेल्या दोन मुलांनी ती चित्रफीत अनेकदा पाहिली आहे, आणि आता कढईपुढे त्यांचे प्रश्न अधिक नेमके असतात. चित्रफितीने हात तयार होत नाही, तो कढईपुढेच तयार होतो. परंतु काय पाहावे व काय ऐकावे, हे ती निश्चित शिकविते.

चित्रीकरणाच्या शेवटी मी त्या सहायकाला विचारले, “तळ बोलायचा थांबतो म्हणजे नेमके काय होते?” तो थोडा वेळ कलथा फिरवीत राहिला आणि म्हणाला, “ते काकांनाच ऐकू यायचं डॉक्टर. मी बोटांवर जातो.” कलथ्याच्या त्या नादाची परीक्षा कोणत्याही ग्रंथात माझ्या वाचनात नाही, आणि आता ती कोणाच्या कानातही उरलेली नाही. ज्यांच्या निर्माणशाळेत असे एखादे काका आजही कढईपुढे उभे आहेत, त्या वैद्यबंधूंनी व औषधालय-चालकांनी पुढील घाणाच्या दिवशीच ट्रायपॉड उभा करावा, एवढीच विनंती. इत्यलम्.